मागची खोली तिची

९ फेब्रुवारी

आई म्हणाली होती – मी आठ-नऊ वर्षांची असेन – "ही आधी दार उघडते आणि मग विचारते, कोण आहे?" पाहुण्यांसमोर म्हणाली. सगळे हसले. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

आज मागच्या खोलीत लिहीत बसले होते. दारावर धप्पकन आवाज. वाटलं, ताई. "उघडंच आहे, ये ना!" पुन्हा धप्प. उठून दार ओढलं – तर घोडी!

खरीखुरी! तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, पोट हे एवढं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता मान आत घातली आणि खोली न्याहाळू लागली. घर भाड्याने बघायला आलेल्या बाया बघतात ना, अगदी तशी. माझ्या टेबलापाशी नजर थांबली. टेबल पसंत नव्हतं.

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणाची आहे?"
"माहीत नाही!"
"मग आत कशाला घेतलीस?"
"मी नाही घेतली, ती आली!"

ताई पंधरा वर्षं मुख्याध्यापिका होती. येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाहेर! आधी बाहेर उभी राहा!" घोडी मुकाट्याने बाहेर गेली. मीही दोन पावलं मागे सरकले – जुनी सवय.

किती दिवसांनी काहीतरी घडलं!

१० फेब्रुवारी

घडायचं ते घडलं. घोडीने रात्रीत मागचं कुंपण ओलांडून शेजारचा कोबी फस्त केला. सकाळी शेजारचे काका फाटकाशी.

"लेखिकाबाई, तुमच्या घोड्याने माझा कोबी खाल्ला!"
"घोडा नाही काका, घोडी आहे."
"खाताना काय फरक पडतो?"

आमची नाही, कुठून आली ठाऊक नाही, असं सांगितलं. मग म्हणे, मोकाट जनावर आहे तर कोंडवाड्यात घाला. कोंडवाडा म्हणजे गावाबाहेरचं ते पत्र्याचं आवार. मोकाट जनावरं धरून नेतात, मालक आला नाही की लिलाव. सोमवारी मी स्वतः गाडी बोलावतो, म्हणाले.

मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं, तर ताईने मला कोपराने ढोसलं. सोमवारपर्यंतची मुदत टिकली, ती ताईमुळे.

घोडी एवढ्या वेळात पुन्हा माझ्या खोलीच्या दाराशी. एवढं मोठं आवार पडलंय, आंब्याखाली सावली आहे, विहिरीपाशी गवत आहे. हिला माझंच दार हवं!

११ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तरुण आहेत, घाईघाईत बोलतात. घोडीच्या पोटावर हात ठेवला आणि एकदम हळू झाल्या. "गाभण आहे. दिवस भरत आलेत."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यांचा चेहरा बघून वाजवल्या नाहीत.

"अशा अवस्थेत ट्रकमध्ये चढवून कोंडवाड्यात नेली तर मी कसलीच खात्री देणार नाही. तिला आडोसा द्या. कोरडी, उजेडाची, शांत जागा. आहे का?"

ताईने माझ्या खोलीकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. घोडी तर परवापासून बघतच होती.

"ती खोली नाही देता येणार," मी म्हटलं. "ती एका बाईंची आठवण आहे."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे बघितलं. हिला काय झालंय, अशा अर्थाने.

पण खरंच आहे. गेल्या मार्चमध्ये घर घेतलं तेव्हा किल्ल्या देताना आजोबा – जुने मालक – एवढंच म्हणाले होते, "मागची खोली तिची. तिला उजेड फार आवडायचा. तेवढी खिडकी बुजवू नका." त्या पिढीची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. 'ती' म्हटलं की समजून घ्यायचं. मी समजून घेतलं. तिथेच टेबल मांडलं. खिडकीत रोज फुलं ठेवते. आणि नवीन पुस्तक निम्मं झालंय, ते सगळं तिच्यावरच – उजेडाला खिडकीत बसून केस विंचरणारी, कमी बोलणारी, नवऱ्याच्या गडबडीच्या घरात एक खोली स्वतःची राखलेली बाई. मला ती दिसते. कधी वाटतं, माझ्या खांद्यावरून वाचते.

ताई म्हणाली, "त्या बाई गेल्या. ही दारात उभी आहे."

उद्या आजोबांना फोन करते. त्यांना न विचारता नाही.

१२ फेब्रुवारी

लिहू कसं! हसू आवरत नाही, हात चालत नाही!

फोन केला. आजोबा शहरात लेकीकडे असतात, चौथ्या मजल्यावर. मी शब्द जुळवत जुळवत म्हटलं, "आजोबा, रागावू नका. मागच्या खोलीत... म्हणजे तुमच्या त्यांच्या खोलीत... थोडे दिवस एक घोडी ठेवू का?"

"कसली घोडी?"
"तपकिरी. कपाळावर पांढरं. डाव्या कानाला खाच."
"खाच टोकाला, का मध्ये?"
"मध्ये."

मग आधी मला वाटलं, खोकताहेत. हसत होते. का रडत होते – फोनवर कळत नाही.

"अहो बाई, मग विचारताय काय! तिचीच खोली ती!"
"ती... म्हणजे?"
"ती म्हणजे ती! घोडी! तिथेच जन्मली, तिथेच वाढली!"
"आणि तुमच्या पत्नी?"
"तिला घोड्याचा वास सहन व्हायचा नाही. आयुष्यात त्या खोलीत कधी डोकावली नाही!"

मला खिडकीतली फुलं आठवली.

घर विकलं त्याच महिन्यात त्यांनी तिला पलीकडच्या गावच्या एका गाडीवानाला विकली. माणूस चांगला आहे, म्हणाले. त्याला मी कळवतो. म्हणजे ही तिकडून सुटून, मोठा रस्ता ओलांडून, चालत आली. बाळंतपणाला. घरी.

"बघायला या ना," मी म्हटलं.

म्हणाले, "नाही. एकदा पाठ फिरवली की फिरवली." फोन ठेवला.

ताईला सांगितलं. ताई – जी शाळेच्या गॅदरिंगलाही हसायची नाही – ओट्याला धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "तुझी नायिका गवत खाते!"

१३ फेब्रुवारी

खोली रिकामी केली. आता सगळं दिसतं! भिंतीतली लोखंडी कडी, जिला मी वर्षभर पिशवी अडकवते. फरशीचा उतार – मी लिहिलंय की ती तिथे न्हायची! दाराची कुरतडलेली कड; सुतार म्हणाला वाळवी, आम्ही मुकाट लांबी भरून घेतली. वाळवी कसली, दात!

घोडी आत गेली, एक गोल चक्कर मारली, खिडकीपाशी उभी राहिली. फुलदाणी काढायची राहिली होती. तिने फुलं खाल्ली. वर्षभर तिच्यासाठीच तर ठेवत होते.

हसता हसता मधेच थांबले. त्या खिडकीतल्या बाईची मला सवय झाली होती. ती कुणीच नव्हती, कधीच नव्हती. तिच्याशी बोलायचे ते मी कुणाशी बोलत होते?

गाडीवानाचा निरोप आला: आता हलवू नका, मोकळी झाली की येतो. मालक सापडला म्हटल्यावर काकांनी कोंडवाड्याचा नाद सोडला. ताईने त्यांच्या बाजूचं कुंपण तारेने आवळून घेतलं, स्वतः उभी राहून. कामावरच्या माणसाला दोनदा सोडायला लावून पुन्हा बांधायला लावलं.

१६ फेब्रुवारी

काही नाही. वाट बघणं. माझं टेबल स्वयंपाकघरात, लिहिणं शून्य.

काका टोपलीभर कोबीची पानं घेऊन आले. "टाकायचीच होती." डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, नको म्हणाल्या, पोट फुगेल. काका भडकले – "म्हणजे चोरून खाल्लेला चालतो, दिलेला चालत नाही!" पण गेले नाहीत. दारात उकिडवे बसून राहिले, तासभर.

ताई घोडीला पेपर वाचून दाखवते. मी पाहिलं, तर म्हणाली, "मी मोठ्याने वाचते. ती ऐकते, त्याला मी काय करू?"

१८ फेब्रुवारी

आचळांवर मेणासारखे थेंब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कधीही!

१९ फेब्रुवारी

झालं!!

उजाडल्यापासून दारात बसले होते. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. काही नाही. शेवटी चहा टाकायला म्हणून उठले – एवढंच. चहाला उकळी यायच्या आत मागून ताईची हाक, "अगं ये! ये! ये!" पळत गेले, तर गवतावर एक ओलं, काळपट, नुसते पायच पाय असलेलं काहीतरी! आणि ती त्याला चाटतेय.

शिंगरू! मादी आहे. उभी राहायला गेली, पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे, धप्प. पुन्हा. पुन्हा धप्प. ताई पुटपुटत होती, "घाई नको, घाई नको, सावकाश." मग एकदम चारही पायांना एकमेकांची ओळख पटली. उभी! डगमगत आईला शोधत भिंतीलाच चोखायला लागली. मी रडत होते. काका कुंपणापलीकडून ओरडले, "काय झालं?" ताई ओरडली, "मुलगी!"

आजोबांना फोन केला. एवढंच विचारलं, "दूध प्यायली?" हो म्हटलं. "बरं." ठेवला.

चहा जळून गेला. पातेलं काळं. ताई काही बोलली नाही!

२२ फेब्रुवारी

गाडीवान आला. मी त्याच्याशी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती, आणि माणूस असा की भांडताच येईना. दारात चपला काढल्या. घोडीच्या मानेवर गाल टेकवून उभा राहिला. "दोनदा दोर तोडून पळाली होती, बाई. तिसऱ्यांदा सापडलीच नाही. रस्त्यावर काय झालं असेल, म्हणून घरात कुणी धड जेवत नव्हतं."

मी विचारलं, "शिंगरू मोठं होईपर्यंत राहू द्याल इथे?"

तो शिंगराकडे बघत म्हणाला, "तोवर मी तिला गाडीला जुंपणार नाहीच. आणि माझ्याकडे ती रमत नाही, तेही खरं. पण इथे बघणार कोण?"

"मी!"

त्याने दोर माझ्या हातात दिला. म्हणाला, अंगणात एक फेरी मारून आणा. घोडीने माझ्या पायावर पाय दिला. मी दोर सोडला. शिंगराने मागून लाथ घातली. काका कुंपणाशी होतेच. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

"राग मानू नका," गाडीवान म्हणाला. "माया आहे तुम्हाला. पण दोन जीव आहेत. खूर बघावे लागतात, पोट दुखलं तर ओळखावं लागतं. जुने मालक इथे असते तर डोळे मिटून ठेवली असती. रविवारी टेम्पो घेऊन येतो."

खोटं काय बोलला? पाऊल सुजलंय.

२३ फेब्रुवारी

ती पुन्हा पळेल. यावेळी शिंगराला घेऊन. मोठा रस्ता ओलांडून. दिवसभर डोळ्यांपुढे तेवढंच.

२४ फेब्रुवारी

ताईने सकाळपासून स्वतःची खोली रिकामी करायला घेतली. पुढची, तळमजल्याची, पायऱ्या नसलेली. कपाट ओढत माझ्या झोपायच्या खोलीत आणलं. मी बघतच राहिले.

"आजोबांचे गुडघे दुखतात, तू सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आपण दोघी एका खोलीत झोपू. तू घोरतेस, ते मी चालवून घेईन."

"ते येणार नाहीत, ताई."
"विचारलंस?"

२५ फेब्रुवारी

आजोबांच्या लेकीचा फोन येऊन गेला. आजोबा रोज विचारतात, लेखिकाबाईंचा फोन आला का. 'मग जाऊन या' म्हटलं की उठून आत जातात. काल रागाने म्हणाले, विकली मी तिला, आता कुठल्या तोंडाने जाऊ? आमचा बेत सांगितला, तर लेक म्हणाली, तुम्ही विचारा, पण आशा ठेवू नका.

ठेवत नाही. नाहीच म्हणणार ते. तरी आता फोन लावते. आधी इथे लिहून घेते, नाहीतर ऐन वेळी तोंडातून शब्द निघायचा नाही:

आजोबा, आम्हाला घोडी सांभाळता येत नाही. उद्या गाडीवान दोघींना नेईल. तुमची खोली तयार आहे, पायऱ्या नाहीत. शिंगरू दूध सोडेपर्यंत तरी तुम्ही आमच्या घरी – नाही, नुसतं 'घरी' म्हणेन – घरी राहायला याल का?