दांडा

आप्पा, तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. माणूस गेल्यावर राग ओसरतो म्हणतात. माझा ओसरला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षी मी शिरूरजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून लागले. कारेगाव, रांजणगाव आणि मधल्या वाड्या, सगळं पायी. बाजारातली लेडीज सायकलसुद्धा मला मोठी व्हायची, पाय पायडलपर्यंत पोचायचे नाहीत. म्हणून एका रविवारी दौंडला घरी आले तेव्हा मी एका मिस्त्रीकडे गेले, जो नळ्या कापून, पितळेने झाळून जोडून मापाची सायकल बनवून द्यायचा. माझ्या कमरेपासून टाचेपर्यंत टेप धरायला तो लाजला आणि त्याने बायकोला हाक मारली. मग विचारलं, "बाई, मागं वजन काय न्यायचं?" मी म्हणाले, औषधांची पेटी. त्याने फरशीवर खडूने सायकलचा अख्खा सांगाडा काढला, दांडा खाली उतरता, साडी अडकू नये असा. मी त्या रेघांशेजारी उभी राहिले. तोवर मी थोरलीच्या उसवलेल्या पोलक्यांत वाढलेली. माझ्या अंगाचं माप घेऊन कुणी काही करतंय, हे मला नवीन होतं.

महिन्याने तुम्ही आपणहून माझ्यासोबत आलात. मला बरं वाटलं होतं, आप्पा. दुकानात सांगाडा टांगलेला आहे. उंच, पुरुषी, दांडा सरळ आडवा. मी मिस्त्रीकडे बघते, तो खाली बघतो. "आप्पा येऊन सांगून गेले. म्हनले, पोरीचाच निरोप हाय."

तुम्ही हसलात. पंक्चरसाठी थांबलेली चार माणसं होती, त्यांच्याकडे बघत बोललात, "सोयरीक ठरतीय तिची. जावई काय बायकी सायकलीवर बसंल? आन् ही काय जन्मभर दारोदार सुया टोचत फिरनार हाय व्हय?" ती माणसंही हसली.

मी मिस्त्रीला म्हणाले, "कापा."

"दांड्याला हात लावलास तर घरात पाय ठिवू नगं," तुम्ही म्हणालात.

मिस्त्री पुटपुटला, खडू पुसला गेला, माप राहिलं नाही. तेव्हा आतून त्याची बायको बाहेर आली. "तुमच्याकडं न्हाई, पर माझ्या ध्यानात हाय," म्हणाली, आणि इंचन्‌इंच सांगितलं. त्याने करवत घेतली. तुम्ही निघून गेलात, ते मी वळून पाहिलं नाही. घरी न जाता मी तशीच शिरूरची एसटी धरली.

सोयरीक मोडली. तुम्ही भावकीत सांगत राहिलात, पोरीनं सायकलीपायी घर घालवलं. पुढे मी माझ्या मनाने लग्न केलं, तुम्ही आला नाहीत. आईलाही येऊ दिलं नाहीत, ते मी सर्वांत जास्त धरून ठेवलंय. ती सायकल मी चौदा वर्षं चालवली. तिच्यावरून किती बाळंतपणांना पोचले, याची एकदाही तुम्ही चौकशी केली नाही. शेवटच्या आजारात मी परत घरी येऊन तुमचं सगळं केलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून सुई घेतलीत. "पोरी" एवढंही म्हणाला नाहीत.

हे सगळं तुमच्या तोंडावर बोलायचं होतं, ते आता लिहितेय. पण एक गोष्ट राहिली. माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात एका तरुण नर्सने विचारलं, मॅडम, त्या काळात तुम्हाला मापाची सायकल कुणी करून दिली? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "आमच्या आप्पांनी." टाळ्या पडल्या. माझी मुलगी पुढच्या रांगेत होती, तिचे डोळे भरून आले. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आजोबा किती मोठ्या मनाचे होते गं."

मी हो म्हणाले. हा कागद तिच्या हाती लागू नये, म्हणून आता चुलीत घालतेय.