पिवळी पट्टी सरकते, दाजी

तीर्थस्वरूप आसाराम दाजींच्या पायांवर चौसाळ्याहून तुमच्या मेव्हण्याचं, शहादेवचं डोकं.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद. एका पिवळ्या पट्टीचा खरा खर्च काल मांडला. चार महिने तुमचा पाय वर्कशॉपला लागला नाही, भाऊबीजेला वनमालाअक्का आली नाही, आणि दोन पेरणी यंत्रं तुमच्या हाताच्या फिटिंगवाचून उघडी पडलीत. पट्टी महागात गेली. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, असं कानावर आलं. (कान माझे तुम्हाला ठाऊकच. पाठमोरा बसून नुसत्या ठोक्यावरून सांगतो, वेल्डिंगचा जोड कच्चा का पक्का. अख्ख्या हायवेला असा कान नाही.)

खंडेनवमीला आपण हत्यारांसोबत माझ्या करिष्माच्या मोबाइललाही हळदकुंकू लावलं, कारण पोरीनं वर्कशॉपची वेबसाइट केली होती. वर नावांची ओळ, तिला मेनू म्हणतात: मुख्यपान, शहादेव वेल्डिंग, आसाराम फिटिंग, संपर्क. माझं नाव पिवळ्या पट्टीत, तुमचं राखेच्या रंगात. वीजकेंद्राच्या परळीत राहणारा माणूस राख ओळखणार नाही तर कोण? आपल्याकडं लग्नपत्रिकेत मामाचं नाव बारीक छापलं तर मामा पंगतीतून उठतो. तुम्ही तर नुसतं विचारलंत, "शहादेव, आमी राखंत कावून?"

इथं मी तोंड मिटायला हवं होतं. पण पट्टी मलाही मानाचीच वाटली होती (सकाळपासून तिच्याकडं बघून दोनदा मिशीवर हात फिरवला होता, आता लपवून काय). म्हणालो, "दाजी, जो रोज दुकानात बसतो त्याचं नाव उजळतं." ज्या माणसानं मला वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकवलं, गुडघ्यापायी ज्याला रोज येणं जमत नव्हतं, त्याला हे! तुम्ही हातातला पेढा कागदावर ठेवला आणि स्टँडकडं चालू लागलात. पेढ्याला मुंग्या लागल्या तरी मी तो उचलला नाही. वाटलं, फाट्यावरून परत याल.

मग शहाणपण केलं. चारी नावं पिवळी करायला लावली. "पप्पा, असं नसतं वो," पोरगी म्हणाली. गेल्या आठवड्यात लिंबागणेशचा एक शेतकरी मोबाइल घेऊन दुकानात आला. तुमच्या पानावर उभा राहून तासभर माझा नांगर शोधत होता. म्हणाला, "शेठ, सगळ्याच फाट्यांवर चौसाळ्याची पाटी लावल्यावर माणसानं उतरावं कुठं?"

करिष्मानं मेनू पहिल्यासारखा केला आणि म्हणाली, आसाराममामांचं नाव दाबा. दाबलं. तुमचं नाव पिवळं झालं, माझं राखेत गेलं. जे पान उघडं, त्याच्या नावावर पट्टी. मान नाही, पान नाही, नुसती 'तुम्ही इथं आहात' अशी खूण! चहा गार होईस्तोवर बघत बसलो. राखेत आपलं नाव कसं दिसतं, ते तेव्हा कळलं.

अक्काला नमस्कार. तुम्हाला काय म्हणू, ते खाली.

आपला,
शहादेव

ता. क. पट्टीचं नुसतं निमित्त. माफी त्या वाक्याची मागतो आहे. शनिवारी अक्काला घेऊन याल का? पेढा ताजा आणतो.

आणखी एक. यंत्रांची फिटिंग मीच करून पाहिली. चाक उलटं फिरतंय.

राहिलंच. करिष्मा म्हणते, पट्टी सरकते हे तिनं खंडेनवमीच्या सकाळीच मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.