बेकरीवालीचा आवाज

१७ जानेवारी, रविवार दुपार

चिमणे,

खूप खूप माया. आम्ही बरे आहोत. माझा घसा पुन्हा बसला होता, तो आता सुटला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नवा पंखा घेतलाय, तो दिवसभर आमच्या डोक्यावर घरघरतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शिवाय फोनवर माझा आवाज हवं ते सोंग आणतो आणि सध्या मला त्याचा भरवसा नाही.

त्या लांडग्याच्या कादंबरीचं सांगते. ऐकायच्या पुस्तकांचं काम म्हणजे माइकसमोर बसायचं, पान उलटल्याचा आवाज होऊ द्यायचा नाही आणि मिळेल ते निमूट वाचायचं. पण या प्रेमकथेने माझा अंत पाहिला. नायक पौर्णिमेला लांडगा होतो. होऊ दे बापडा. पण एरवी माणूस असतानाही तो गुरगुरतच असतो. दार मोडतो आणि सकाळी गुळगुळीत दाढी करून फुलं घेऊन उभा राहतो. नायिकेची बेकरी आहे. ती पीठ मळता मळता म्हणते, "तो मनाने वाईट नाही, पण..." आणि गप्प. दर प्रकरणात तेच. मी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला म्हटलं, "हिला कोणीतरी धरून गदागदा हलवा." तो म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त वाचा."

वाचलं. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यावा लागतो. लांडग्याला छातीतला दिला. तिच्या वेळी घसा बसलेला, वरचा सूर लागेना, म्हणून जो पहिला सापडला तो दिला.

हे खोटं आहे. सापडला नाही, मी उचलला. "पण"च्या आधी तू गिळतेस तो आवंढा, वाक्य पुरं करण्याऐवजी येणारं बारीक हसू, "जाऊ दे गं" म्हणताना खाली उतरणारा सूर, सगळं. रेकॉर्डिस्ट हसून बेजार झाला आणि मला आणखीच चेव चढला. मधल्या सुट्टीत तुझा फोन येऊन गेलेला दिसला. मी उलट केला नाही. म्हटलं, पुन्हा तेच रडगाणं ऐकवेल.

आणि इस्त्री करताना तू माझं प्रत्येक पुस्तक ऐकतेस, हे मला ठाऊक होतं. तुझ्या घरचं न्हाणीचं दार दोनदा का बदललं, हे आपल्या दोघींनाच माहीत आहे. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पुस्तकाच्या आडून टोचलं. वाटलं, ऐकेल, लाजेल आणि शहाणी होईल.

मग तुझा मेसेज आला. "ताई, छान वाचलंस. यांनीही ओळखलं, खूप हसले. आता मी काही बोलायला गेले की त्याच आवाजात करून दाखवतात." खाली एक हसरा चेहरा. त्याच्याकडे मला बघवेना.

तुझ्या नवऱ्याला दारं मोडता येत होती. तुझी नक्कल येत नव्हती, ती मी शिकवली. मला लाज वाटते, चिमणे. तोंड उघडलं की वाटते, आणि माझं पोट तर या तोंडावरच चालतं.

प्रकाशकांकडे जाऊन आले. म्हटलं, तिचे सगळे संवाद पुन्हा वाचते, फुकट. ते म्हणाले, "छे हो, लोकांना तोच आवाज आवडलाय. अगदी खरा वाटतो म्हणतात." जिन्यातच मला रडू फुटलं. पहारेकऱ्याने पाणी आणून दिलं.

काल ते पुस्तक पुन्हा चाळलं, या वेळी मनातल्या मनात. त्या बेकरीवालीला सबंध कादंबरीत बहीण नाही. लेखिकेने दिलीच नाही. "पण"च्या पुढचं ऐकायला कोणी नसेल, तर ती बोलणार कोणापाशी? तुला तर होती.

किल्ली मीटरच्या पेटीवर, तुझ्या नेहमीच्या जागी ठेवली आहे. मागची खोली मोकळी केली आहे. ये किंवा येऊ नकोस, मी शहाणपण शिकवणार नाही. नुसता फोन उचल. "पण" म्हणून थांबलीस, तर मीही थांबेन. त्यानंतरचं जे असेल ते तुझ्याच आवाजात, तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुझा आवाज विकून आता त्याचीच वाट बघत बसलेली,
ताई