वाचायचं राहिलेलं नाव

सोमवार, ४ ऑक्टोबर १९९९
दोन खोल्या म्हणून सांगितलं आणि दावली एक! तीबी कंप्युटर सेंटरच्या पाठीमागं, येजा सेंटरातनंच. सेंटरवाल्या राजनंदिनीताईंना तोंडावर बोलले, आमच्या मालकांना सेंटरचा राखणदार म्हणून आणलंय का कोंबड्यागत डालून ठेवायला? त्या हसल्या. म्हणाल्या, मावशी, नळ आत हाय. मग मीबी हसले. विटा गाव झ्याक हाय. कोइमतुरात गलाईच्या दुकानात सोनं गाळून गाळून मालकांची छाती गेली. हितं बसून काम. मी चौथी शिकलेली, म्हणून ताईंनी ही वही दिली, लिहीत जा म्हणाल्या.

बुधवार, ६
मलाबी काम लागलं. गलाईला देशभर गेलेल्या घरांची यादी ताईंनी दोन सालामागं इंटरनेटवर टाकलेली. आता उघडलं की नावापरास < > असल्या कोनाच्या खुणाच जास्त, बाभळीच्या काट्यावानी. त्या झाडून काढायला एक तयार प्रोग्राम आणलाय. तो इंटरनेटवरल्या त्या पानाचं झाड मांडतो. एक घर म्हंजे एक फांदी, कारभारी वर, बायकापोरं त्याच्या पोटात. मी छापील कागदावरनं नाव मोठ्यानं वाचायचं, ताई ‘ठेवा’ अशी खूण करणार. न वाचलेलं कचऱ्यात. मी म्हटलं, ह्यापरास तांदूळ निवडणं बरं, खडा तरी दिसतो.

शुक्रवार, ८
आमच्या घराची पाळी आली. आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ते गिळलं, खालचं माझं ‘हरणाबाई’ वाचलं. ताई पाठमोऱ्या. बटण दाबून मोकळ्या.

शनिवार, ९
मालक न्हाईत. खाटंवर न्हाईत, सेंटरात न्हाईत. ताई म्हणाल्या, कोण मालक? राखणदार आमी ठेवलाच न्हाई. चेष्टा करता व्हय, म्हणून वरडले. शेजारच्या भामाबाईला बोलावलं. ती म्हणाली, आवं, तुमी एकट्याच तर आलाव की ट्रंक घिऊन. खुंटीवर त्यांची टोपी न्हाई. खुंटीच न्हाई.

रविवार, १०
ताईंना सगळं खरं सांगितलं, नाव मुद्दाम गिळलं म्हणून. त्यांनी झाड बघितलं. ही फांदीच न्हाई, म्हणाल्या. तुमच्या नावावर खूण केली असली तरी काय, फांदी खुडली की पोटातलंबी जातं. मग माझ्याकडं डोळं बारीक करून बघितलं. मावशी, तुमी कोणाच्या?

सोमवार, ११
दाराला भाईरनं कुलूप. मी आत! पलीकडं ताईंची बटणं वाजत्यात. हात सुजंपतोर दार बडवलं. ताई कुणाला तरी म्हणाल्या, ती खोली मोकळीच हाय.

मंगळवार
नळ कोरडा. खोली काल नऊ पावलं व्हती. आज सहा —

बुधवार
रीत गेली खड्ड्यात. नाव घेते, मोठ्यानं घेते. तोंड उघडलं — न्हाई येत. चोवीस वर्सं गिळलं, आता आत शोधते तर —

गुरुवार
चार पावलं. पाय दुमडून लिवतीया. हे पान दाराखालनं सारते. ताई, छापील कागद अजून तुमच्या टेबलावर हाय. आमच्या घराची ओळ काढा, माझ्या वरचं नाव वाचा. मनात न्हाई, मोठ्यानं. मग खूण करा. शनिवारी दुपारपतोर जबाब पायजे, मग खोलीच उरायची न्हाई. माझं ऱ्हाऊ द्या, पण त्यांना तरी —