राक्षसाच्या पोशाखातली चाल

अहो चिझुरूचे बाबा,

पत्ता न ठेवता घर सोडलंत, तेव्हा हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार. पण मागच्या आठवड्यात रविवारी टीव्हीवर तुम्ही दिसलात आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

चिझुरूच्या आवडत्या मालिकेत महाकाय वीरासमोर नवा हिरवा राक्षस आला. तोंड अनोळखी, पण डावा पाय ओढत चालणं तुमच्यासारखंच. पडण्याआधी खांदा उचलणंही तेच. इतकी वर्षं त्या मालिकेत राक्षसाच्या पोशाखात शिरून मार खाल्लात, ती चाल मी ओळखणार नाही?

सोमवारी तडक स्टुडिओ गाठला. राक्षसाने डोकं उतरवलं, तर आत घामाने निथळणारा कोवळा पोरगा!

कमरेत वाकून तो म्हणाला, "वहिनी, हा तुमच्या यजमानांचा, मात्सुनागासानांचाच जुना पोशाख. रंग बदलला, शिंगं लावली. पण रबराला त्यांच्या अंगाचं असं वळण पडलंय, की आत कुणीही शिरो, त्यांच्यासारखाच चालतो."

म्हणजे तुम्ही नव्हतात. हायसं वाटलं की रडू आलं, मलाच कळेना. याच शहरात असून घरी न येण्यापेक्षा हे बरं ना? की तेच बरं होतं?

काल त्या गोष्टीचा दुसरा भाग होता. वीराने राक्षसाला उचलून इमारतीवर आपटलं. चिझुरूने टाळ्या पिटल्या, मग माझ्याकडे वळली.

"आई, तू राक्षसाला 'जपून पडा' का म्हणालीस?"

"घरातलं कुणीतरी म्हणायला हवं," मी म्हणाले.

कुणाच्या बाजूची, ते न कळलेली,
फुमिए