सीझन संपल्यावर ये

प्रिय क्लोदेत,

काल सीझनचं शेवटचं गिऱ्हाईक गेलं. ओहायोचं म्हातारं जोडपं, जाताना साबणाच्या वड्यासुद्धा घेऊन गेलं. मोटेलच्या अठराच्या अठरा खोल्यांतल्या चादरी काढल्या आणि तेव्हापासून कंबर धरून बसले आहे. तुझे बाबा म्हणाले, "बसलीच आहेस तर कार्डं लिहून टाक."

कार्डं तुला आठवतील. दर ऑक्टोबरला जुन्या गिऱ्हाइकांना मी हातानं लिहिते, की जुलैत कशाला येता, गर्दी ओसरल्यावर या. एकतीस वर्षं तोच मजकूर. भाडं निम्मं, गाडी हवी तिथे लावा, किनाऱ्यावर कुत्रा मोकळा सोडला तरी कुणी हटकत नाही. व्हर्नाच्या बेकरीत रांग नाही. उलट बोलायला माणूस मिळालं म्हणून तीच ब्लूबेरी पायचा जास्तीचा तुकडा वाढते. समुद्राकडची खोली हमखास. यातलं खोटं काहीच नाही, आणि चारपाच जण दरवर्षी येतातही. यंदा चाळीस कार्डं झाली आणि एकेचाळिसावं हातात घेतल्यावर ध्यानात आलं, तुला मी असं कधी लिहिलेलंच नाही. सव्वादोन वर्षं तू इकडे फिरकली नाहीस. तू यावंस म्हणून लिहिते आहे. कार्डावर मावेना, म्हणून कागद घेतला.

तू लहान असताना सीझनमध्ये आम्ही तुझी खोलीसुद्धा भाड्यानं द्यायचो. तू कपडे धुण्याच्या यंत्रामागे खाटेवर झोपायचीस. वाढदिवस तुझा जुलैचा, पण केक कापायचा नोव्हेंबरात. शाळेत 'माझं घर' असा निबंध दिला होता, त्यात तू लिहिलंस, आमचं घर ऑक्टोबरात उघडतं. बाई हसल्या, मीही हसले. तू कधी कुरकुर केली नाहीस, याचंच आता जास्त वाईट वाटतं.

इकडचं म्हणशील तर बाबांचा गुडघा तसाच आहे आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की त्यांना छपराची डागडुजी आठवते. मी दमले आहे, क्लोदेत. झोपून उठलं तरी जात नाही असा हा थकवा आहे. पण आता दुपारी मी चक्क बसते, स्टुलावर पाय टाकून. काउंटरवरची घंटी कुणी वाजवत नाही. काल बाबा आणि मी दीड तास नुसते गप्पा मारत होतो, तुझ्याबद्दलच. सीझन संपला की मालकीण माणसात येते, हा फायदा मात्र मी कार्डावर कधी लिहिला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टात भर दुपारी तू दोन बॅगा घेऊन आलीस. बाहेरपर्यंत रांग होती आणि मी खणात डोकं घालून कुणाची तरी किल्ली शोधत होते. समोर कुणी उभं असल्याची चाहूल लागली आणि मान वर न करताच मी म्हणाले, "माफ करा, जागा नाही." तू म्हणालीस, "ठाऊक आहे, आई." मी काउंटरमागून धावत बाहेर येईपर्यंत तुझी गाडी वळली होती. तू नवऱ्याचं घर सोडून आली होतीस, हे मला चार दिवसांनी कळलं, तेही व्हर्नाकडून. नंतर फोनवर मी गर्दीचं कारण सांगत राहिले आणि तू "असू दे" म्हणत राहिलीस. असू दे म्हणण्यासारखं ते नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मला तेव्हाच कळली होती. समुद्रासमोरची चार नंबरची खोली आजपासून तुझी. जुलैतही ती कुणाला देणार नाही. रस्त्यावरच्या 'जागा नाही' पाटीतला 'नाही' बाबांनी आज सकाळी शिडी लावून काढून टाकला, तो गुडघा घेऊन. तू ये. या खेपेला मी आधी मान वर करीन.

तुझीच,
आई