पोरांना सांगितलंस, मला नाही

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं. पानं उठली, पाहुणे गेले आणि मी तुझ्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग हा राग ठेवू कुठे? म्हणून लिहितेय.

आपल्या चाळीच्या तालमीतली पोरं आली होती. पोरं कसली, आता मिश्यावाले गिरणीकामगार! एकेक जण तुझ्या फोटोपुढे डोळे पुसत होता. "मावशीनं आम्हाला माणसात आणलं." मी तुझ्या पोटची, आणि मला रडू यायच्या ऐवजी अंगाची नुसती आग झाली. हे कुठले कोण? माझ्या आईचे इतके लाडके कधी झाले?

संध्याकाळी तुझ्या जावयांनी सगळं सांगितलं. तेही त्या पोरांतलेच ना!

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रभातफेरीची ती सकाळ आठवते? शेजारची शांता झेंडा घेऊन पुढे होती. तिच्या परकराला डाग पडला आणि नाक्यावरची पोरं खिदळायला लागली, "कावळो शिवलो रे!" तू प्रसूतिगृहातली रात्रपाळी संपवून येत होतीस. अंगावर नर्सचा पांढरा वेष, तशीच पोरांना हाकत तालमीत घेऊन गेलीस. मी मागोमाग दाराशी आले, तर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू घराक जा गो. भात लाव."

मी जाऊन भात लावला! आत काय झालं ते मला काल कळलं.

"हसतास कित्याक रे? ह्याच रगतार वाढलास आवशीच्या पोटात!" असं म्हणून तू त्यांना मारुतीच्या तसबिरीसमोर बसवलंस. पुढेही कितीतरी रविवार बसवलंस. पाळी का येते, मुलांचा आवाज का फुटतो, दिवस कसे राहतात. मुलगी नाही म्हणाली की ते नाहीच, लाजून म्हटलेलं हो नव्हे. एवढं सगळं! तालमीतलाच शांतेचा भाऊ मग त्या दिवसांत तिच्यासाठी नळावर बादल्या भरायला लागला. चाळ त्याला बायल्या म्हणाली, तरी तो भरत राहिला. हळूहळू बाकीचेही भरायला लागले.

आणि मला काय सांगितलंस गं? पहिल्यांदा झालं तेव्हा मी मरणार असं वाटून परकर कोळशाच्या डब्यात लपवला होता. तू तो काढलास, धुतलास, जुन्या लुगड्याच्या घड्या माझ्या हातात दिल्यास. म्हणालीस, "आता पोरांत खेळायचा नाय." बस, एवढंच! आजीनं मला गॅलरीच्या कोपऱ्यात बसवलं. तहान लागली तरी माठाला हात लावायचा नाही, आणि तू शेजारून ये-जा करत होतीस. परक्या बायकांची बाळंतपणं करणारी माझी आई!

लग्नानंतर मी अशीच कोपऱ्यात जाऊन बसले, तर हे म्हणाले, "तिथे कशाला? कंबर दुखत असेल, आत पड." पाण्याची घागरही स्वतः भरून आणली. पुरुषाला हे कुणी शिकवलं, मी विचारलंच नाही. नशिबानं देवमाणूस मिळाला म्हणून मैत्रिणींत मिरवत होते. तो देवमाणूसही तुझ्याच हातचा निघाला!

हेवा वाटतो आई. ह्यांचा, शांतेच्या भावाचा, त्या सगळ्या मिश्यावाल्यांचा. ते रविवार मला हवे होते.

हे म्हणाले, एकदा कुणीतरी तुला विचारलं होतं, "मावशी, लीलेला सांगितलंत का हे?" तू म्हणालीस, "तिका सांगूक माझी जीभ रेटणा नाय रे. म्हणान तुमका सांगतंय. उद्या तुमच्यातल्याच कोणाच्या तरी घराक जातली ती."

ऐकून मी पोटभर रडले. आणि रडता रडता पुन्हा चिडले. बघ ना, हेसुद्धा तू त्यांनाच सांगितलंस!

मला दिवस गेलेत, आई. आज सांगू, उद्या सांगू म्हणताना तुला सांगायचं राहूनच गेलं. शेवटी मीही तुझीच लेक.

पण मुलगी होवो की मुलगा, वेळ येईल तेव्हा मी स्वतः समोर बसवून सांगेन. ह्यांच्यावर सोपवणार नाही. जीभ अडखळली तरी सांगेन. आणि दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या पोरीला आत घेईन. भात करपला तर करपू दे.

तुझी,
त्या सगळ्यांच्या आधीची,
लीला